लोखंडी कढईतली साल

मी डाळिंबाची एक जुनी साल आहे. फार थकले आहे, मित्रांनो, म्हणून सावकाश बोलते.

आधी मी एक शेंदरी फूल होते. पाकळ्या गळाल्या, खालचा भाग फुगत गेला आणि फुलाचा उरलेला दातेरी काठ मुकुटासारखा डोक्यावर राहिला. मुकुट मिळाला खरा, राज्य कधी मिळालं नाही. माझ्या आत दाण्यांची वस्ती वाढू लागली. मधे पांढरे, कडू पडदे. ज्याचा त्याचा कप्पा वेगळा. प्रत्येक दाण्यात गोड रस आणि रसाच्या पोटात टणक बी. ऊन, पाखरांच्या चोची, बाजारातले अंगठे, सगळं मी अंगावर घेतलं. कौतुक मात्र दाण्यांचं.

रसवाल्याने मला फोडलं, उलटं धरलं आणि पाठीवर पळीने बडवलं. दाणे पातेल्यात टपटपले, मी कचऱ्याच्या टोपलीत. तिथून दोन रंगारी बहिणींनी मला उचलून नेलं. त्यांनी मला गच्चीवर वाळवलं आणि पोत्यात भरलं. त्या पोत्यात मी इतके दिवस पडून होते, की आपण कशासाठी जगलो हेही विसरून गेले.

एक दिवस पोस्टातल्या बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आल्या. काखेत चादर, हातात लालभडक डाळिंबांची पिशवी.

"ताई, ही पुन्हा पिवळी होईल का? आई होती तेव्हापासूनची आहे. डाग जावेत म्हणून मी ब्लीच ओतलं, तर पांढरीफटक झाली. अप्पांना आता बरंचसं आठवत नाही, पण म्हणतात, 'ही हिची नाही, दवाखान्याची आहे.' अंगावर घेतच नाहीत. तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा नाही, आणि माझ्याही."

"आणि ही डाळिंबं?"

"रंगाला आणली. निवडून लाल घेतलीत."

थोरली हसली. "दाणे तुम्ही खा, बाई. लाल दिसतात, पण कापडावर टिकत नाहीत. पिवळा रंग सालीत असतो."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव घेतलं होतं. रंग धरावा म्हणून चादर तुरटीच्या पाण्यात भिजली. थोरली अप्पांना चहा द्यायला गेली. मोठ्या पातेल्याचा कान निखळला होता, म्हणून धाकटीने कोपऱ्यातली लोखंडी कढई ओढली, घासून लख्ख केली आणि मला त्यात उकळत ठेवलं. लोखंडाची संगत मिळाली की मी काळवंडते. पण सालीला ओरडता येत नाही. मला गाळून काठावर ठेवलं आणि चादर आत गेली.

बाहेर आली ती राखेच्या रंगाची.

थोरलीने कढईकडे पाहिलं. "अगं, जन्म गेला आपला रंगात! साल लोखंडात उकळतेस? भाजी करत होतीस का?"

"ओरड आता. तू बस चहा पाजत!" म्हणत धाकटीने चादर दोरीवर टाकली.

पोस्टातल्या बाई पायरीवर मटकन बसल्या. "यावर पिवळा नाही का चढणार?"

"गडदावर फिका कसा चढेल, बाई?"

तेवढ्यात अप्पा बाकावरून उठले. दोरीवर टाकलेल्या चादरीचं टोक त्यांनी हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि लेकीकडे डोळे वटारले.

"किती मळवलीस गं ही! आईने पाहिलं तर दोघांनाही फैलावर घेईल."

"अप्पा," बाई चाचरत म्हणाल्या, "ही आईचीच ना?"

"मग कुणाची? दवाखान्यात असल्या कळकट चादरी देतात होय? वाळली की मला दे. आणि खबरदार, धुवायला टाकलीस तर!"

धाकटीने पदर तोंडावर धरला. ती हसत होती की रडत होती, ते मला काठावरून दिसलं नाही. थोरलीने तिच्या पाठीवर एक चापटी मारली आणि हात तिथेच ठेवला. चादर वाळायच्या आत अप्पा तिच्या सावलीत, बाकावर परत येऊन, मान कलवून झोपी गेले.

मित्रांनो, माझ्यात आता रंग उरला नाही. उद्या मला कुठल्यातरी झाडाच्या बुडाशी टाकतील, आणि मला ते हवंच आहे. तुम्ही डाळिंब खाल तेव्हा साल फेकू नका, वाळवून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची एखादी विटकी वस्तू स्वच्छ करायला घ्याल, तर आधी त्याला विचारा. आपल्याला जो डाग वाटतो, त्यात त्याचं कुणीतरी राहत असतं.

बास, आता हळू बोला. अप्पांचा आत्ताच डोळा लागलाय.