तपासनिसाची शेवटची ओळ

"लाल! परत लाल!" टीमलीडरने कपाळावर हात मारला. पोरगी जेमतेम तिशीची, पण कामाला वाघ. "काका, तुमच्या तपासनिसाने अगदी नाकीनऊ आणलेत हो."

काका खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी आले. ऑफिसातली सगळी जुनी सॉफ्टवेअरची अवजारं आता एकाच नव्या खिडकीत नांदवायची होती. बाकीची निमूट नांदायला लागली. अडून बसला तो एकटा तपासनीस, म्हणजे काकांनी आणि त्यांच्या दोस्ताने, ढापण्याने, बावीस वर्षांपूर्वी लिहिलेला चुका पकडणारा प्रोग्राम.

"खिडकीला शेवटच्या ओळीत नुसता चुकांचा आकडा लागतो, दुसरं काही आलं की ती लाल होते," ती म्हणाली, "आणि हा बघा काय विचारतोय."

पडद्यावर होतं, 'चुका: ०'. खाली आणखी एक ओळ, 'जेवलास का रे?'

काका त्या ओळीकडे बघत सांगायला लागले. तेव्हा एक चूक शोधता शोधता दोघांचं जेवण राहिलं होतं आणि काका चक्कर येऊन टेबलाखाली आडवे झाले होते. ढापण्याची पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी प्रोग्रामच्या शेवटी ही ओळ! "माणसाचं ऐकत नाहीस, मशीनचं तरी ऐक," म्हणाला गाढव. तेव्हापासून ओळ उमटली की काका मोठ्याने म्हणायचे, "जेवलो रे बाबा!" आणि शेजारच्या टेबलावर तो जाड भिंगांचा चष्मा पुसत खुदुखुदू हसायचा. ढापण्याला जाऊन सहा वर्षं झाली. काकांनी उत्तर द्यायचं काही सोडलं नव्हतं.

हे सगळं ऐकून पोरगी हळूच म्हणाली, "राहू दे ना काका. मध्ये एक चाळणी बसवते. ओळ आत राहील, खिडकीला कळणारही नाही."

मोह झाला. खूप झाला.

"नको गं. उद्या कुणी नवा येईल आणि ही चाळणी कशाला, म्हणून डोकं फोडत बसेल. असली ठिगळं ढापण्याने कधी खपवून घेतली नाहीत. सरक, मीच काढतो."

काकांनी ओळ पुसली आणि तपासनीस पुन्हा चालवला. खिडकी हिरवी झाली. 'चुका: ०'. खाली काहीच नाही.

अडीच वाजले होते. डबा पिशवीत तसाच होता.

"जेवतो रे बाबा, जेवतो," काका त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले आणि त्यांनी डबा काढला.