कलमाच्या चाकूची कैफियत

मी एक जुना चाकू आहे, मित्रांनो. भाजी चिरायचा नव्हे, झाडांना कलम करायचा. गोड कहाणी ऐकायला बसला असाल तर आधीच सांगतो, मला राग आला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

ताडकळसच्या आठवडी बाजारात एका लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला घडवले आणि बाभळीची मूठ बसवली. पारूबाईने मला घेतले त्याला आता बावीस वर्षे झाली. झरीच्या रस्त्याला व्यंकटरावांची रोपवाटिका आहे. तिथे ती आंब्याची कलमे बांधायची. गावठी आंब्याच्या रोपाचा शेंडा उडवायचा, खोड मधोमध चिरायचे, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काप एका झटक्यात व्हावा लागतो. दुसऱ्यांदा हात फिरवला की काडी वाळते. पारूबाईची शंभरातली नव्वद कलमे धरायची. "हिच्या हाताला लय गुण हाय," असे बायका म्हणत. माझे नाव कोणी घेत नसे. पण रोज संध्याकाळी ती मला दगडावर घासून, खोबरेल पुसून कमरेच्या पिशवीत ठेवायची. मला तेवढे पुरे होते.

गेल्या वर्षी तिच्या पंकजाच्या हातावर उकळत्या पाण्याचा हंडा उलटला. पोरगी नववीत होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. दवाखान्यात तिच्या मांडीची पातळ कातडी काढून हातावर लावली. पाचव्या दिवशी पट्टी सोडताना पारूबाईने डोळे मिटून घेतले. तरुण डॉक्टरीणबाई वाकून बघत म्हणाल्या, "ग्राफ्ट छान धरलंय."

"ते काय असतं, बाई?"

"एकीकडची कातडी काढून दुसरीकडे जगवायची. झाडाला कलम करतात ना, त्यालाही इंग्रजीत ग्राफ्टच म्हणतात."

पारूबाईने डोळे उघडले. "म्हंजे आमी इतकी वर्सं हेच करायलोत की," ती म्हणाली आणि रडता रडता हसली. घरी आल्यावर पंकजाकडून शिकून तिने त्या शब्दाची पाच इंग्रजी अक्षरे गिरवली. रोपवाटिकेतल्या बायकांनाही शिकवला. लेकीचा हात वाचवणाऱ्या आणि आपल्या हातातल्या कामाचे नाव एकच, याचा तिला फार अभिमान होता.

यंदा सरकारी योजनेसाठी आंब्याच्या कलमांची मोठी मागणी आली. दिवस थोडे होते आणि रोपे तपासून घ्यायला कृषी खात्याचे साहेब येणार होते. कलम धरायला महिना-दीड महिना जातो, तेवढा धीर व्यंकटरावांना नव्हता.

"काडी बसवू नका," ते बायकांना म्हणाले. "खोडाला नुसती चीर मारा अन् पट्टी गुंडाळा. कलम दिसलं म्हंजे झालं."

"मालक, साहेबानं उकलून बघितलं तर?" पारूबाईने विचारले.

"साहेबाचं तोंड कवाच गोड केलंय. तुमी तुमचं काम करा."

दोन दिवस पारूबाईने ते काम केले. दोन दिवस मी खोट्या चिरा मारल्या. हे सांगायला मला लाज वाटते, पण लपवणार नाही. आंब्याचा चीक माझ्या पात्यावर काळा पडला आणि तिने मला पुसलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंकजा इंग्रजीचा अभ्यास करत होती. शब्दकोश चाळताना ती थांबली. "माय, तुझ्या शब्दाला अजून एक अर्थ हाय. हुद्द्याचा गैरवापर करून लाच खाणं. त्यालाबी ग्राफ्टच म्हंतेत."

पारूबाईने तिला ते दोनदा वाचायला लावले. मग तिचा चेहरा असा झाला की पंकजाने पुस्तक मिटले. "माझ्या कामाचं नाव या चोरीला कुनी दिलं?" ती म्हणाली. आणि हळू आवाजात पुढे म्हणाली, "अन् मीच ती चोरी करून आले."

त्यानंतर तिने एकही खोटी चीर मारली नाही. वाटपाच्या दिवशी झरीला मांडव होता. साहेबांना हार घातले, भाषण झाले. पहिले रोप मनकर्णाबाईंना मिळाले. दीड एकर रानाच्या कडेने आंबे लावायचे म्हणून त्या पहाटेच्या बसने आल्या होत्या. पारूबाई सरळ पुढे गेली. तिने ते रोप त्यांच्या हातातून घेतले, मला काढले आणि पट्टी कापली. आत काडी नव्हती. नुसती चीर होती.

"बघा," ती म्हणाली. "ही चीर माझीच हाय. मालकानं मारायला सांगितली अन् मी मारली. ह्याला धा वर्सांनी बी गावठी आंबाच येनार."

साहेब उठले. "बाई, तुम्हीच कबूल करताय. मग गुन्हा तुमचा झाला."

"माझा हायच. लिवून घ्या. पन अर्धा लिवू नका. कलमाच्या इंग्रजी शब्दात तुमच्या लाचेचा अर्थ बी हाय, माझ्या पोरीनं वाचून दाखवलाय."

मग मनकर्णाबाईंनी दुसरे रोप उचलले आणि नखाने पट्टी सोडली. त्यातही तेच. मागची माणसे पुढे आली. बघता बघता टेबलासमोर पट्ट्यांचा ढीग पडला आणि रोपांनी भरलेला टेम्पो लोकांनी जागचा हलू दिला नाही.

चौकशी झाली. पारूबाईने जबाबात आपले दोन दिवस आधी सांगितले, मग बाकीचे. साहेबांची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली, एवढेच. व्यंकटरावांची रोपवाटिका आजही चालू आहे. पारूबाईचे काम गेले. याचाच मला राग आहे, मित्रांनो, आणि तो शांत करायचा सल्ला मला देऊ नका.

तसली खोटी रोपे झरीच्या आधी दुसऱ्या गावांत वाटली गेली होती आणि शेतांत लागलीही होती; मनकर्णाबाईंनीही त्या दिवशीची रोपे नेऊन बांधावर लावली होती. मनकर्णाबाईंनी पारूबाईला बोलावून घेतले. "फसलेली झाडं उपटायची का?" त्यांनी विचारले.

"कशाला? मुळं तर खरीच हायत," पारूबाई म्हणाली. तिने चांगल्या आंब्याच्या काड्या आणल्या आणि बांधावर बसून जागेवरच कलमे बांधली. आता चार गावांतून तिला बोलावणे येते. सुट्टीच्या दिवशी पंकजा पट्ट्या कापून देते.

माझे पाते आता झिजून निम्मे झाले आहे. तुमच्या घरी असे एखादे हत्यार असेल तर त्याला धार लावा, पुसून कोरडे ठेवा, गंजू देऊ नका. पण तेवढ्याने भागत नाही. आम्हाला हातात घेऊन कोणी खोटी खूण करायला सांगितली, तर त्या वेळी आमचीही आठवण ठेवा. मी लोखंड आहे, मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते.