दगडांवरची बॅटरी

"माझी फुगलेली बॅटरी नेली कोणी? फुगल्यावर चार्जर लावायचा नसतो, हे या पोरीला जन्मात कळायचं नाही!"

तैस्तो ओसरीत पुटपुटत होता. उद्या जंगलात एअरसॉफ्टचा, प्लॅस्टिकच्या छर्ऱ्यांच्या लुटुपुटूच्या लढाईचा, सामना. संघातल्या सगळ्यांच्या बंदुकांच्या बॅटऱ्या त्याच्याकडे चार्जिंगला. एकेक न जळणाऱ्या पिशवीत ठेवायची, शेजारी स्टूल टाकून बसायचं, लघवीलासुद्धा उठायचं नाही, असा त्याचा शिरस्ता.

"बाबा, मी काल तुझ्याच हातात दिली," रीना बूट चढवत म्हणाली. "बाजूला ठेवतो म्हणालास."

"मग ठेवली कुठे?"

रीनाने आईकडे पाहिलं. पिर्कोने बटाटा सोलायला घेतला. तो आधीच सोललेला होता.

"जाऊ दे. शनिवार आहे, सॉना तापत ठेवलाय," तैस्तो म्हणाला. "सापडेल मेली."

पिर्कोचा हात थांबला. बिघडलेली बॅटरी तो सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या खोलीतल्या, थंड शेगडीवरच्या दगडांवर ठेवी, दगड काही पेटत नाहीत म्हणून. आणि कोणी चुकून शेगडी लावू नये म्हणून बटणावर आपली लाल टोपी अडकवी.

लाल टोपी त्याच्या डोक्यावर होती.

ती सुरी टाकून सॉनाकडे धावली. बटण बंद केलं. दगडांवर ती करडी बॅटरी उशीसारखी टम्म फुगली होती, वर लाकडी बाकं. तापल्या दगडांवर पाणी शिंपडायच्या लांब दांड्याच्या डावात तिने ती अलगद उचलली, श्वास रोखून दार ओलांडलं आणि तैस्तोनेच अंगणात ठेवलेल्या वाळूच्या बादलीत सोडली.

"मागे व्हा!"

फुस्स आवाज झाला. पांढरा धूर, मग हातभर ज्वाळा. बर्फात तिघं उभी राहिली. पिर्कोच्या पायात नुसते मोजे होते.

ज्वाळा बसल्यावर रीना म्हणाली, "मीच ठेवली असेल तिथे."

"तू कशाला? शेगडी मीच लावली," पिर्को घाईने म्हणाली. "सवयीने हात गेला."

"अगं, पण बाबा आत्ताच तर..." रीनाने जीभ चावली.

तैस्तोने टोपी काढली. कुणा परक्याची सापडावी तशी उलटसुलट करून पाहिली.

"किल्ल्या हरवल्या तेव्हा रीना. गाडी बाजारात राहिली तेव्हा तू," तो म्हणाला. "माझ्या चुका किती दिवस वाटून घेणार आहात?"

बादलीतून अजून धूर निघत होता.

"मला आठवेनासं झालंय, पिर्को."