सात मजले आणि मी एकटा

मी एक जुना अग्निशामक आहे, जिन्यात टांगलेलं लाल नळकांडं. जुना म्हणा, पोचे पडलेला म्हणा, रंग उडालेला म्हणा, सगळं चालेल. रिकामा मात्र म्हणू नका, मित्रांनो. माझा दाब दाखवणारा काटा आजही हिरव्या पट्ट्यावर आहे.

कारखान्यात माझ्या पोटात पावडर भरली, गळ्यात पिन घातली आणि आम्हा सात भावंडांना एका सात मजली इमारतीत मजल्यामजल्यावर टांगलं. मी पहिल्या मजल्यावर होतो. दुसऱ्याच वर्षी तिथल्या विजेच्या मीटरच्या पेटीला आग लागली. वॉचमनने पिन ओढली आणि मी पोटातलं सगळं ओकून ती विझवली. काय कौतुक झालं माझं! लोकांनी माझ्याबरोबर फोटो काढले. सेक्रेटरीकाकांनी मला लगेच पुन्हा भरून आणलं.

पण नव्याचे नऊ दिवस. पुढे भावंडांची मुदत संपली, ती भंगारात गेली आणि भिंतीवर नुसते हुक उरले. दरवर्षी भरला जायचो तो मी एकटा.

सेक्रेटरीकाकांनी आयुष्यभर गोदाम सांभाळलेलं. तपासणीला एकच पोतं दोन रांगांत दाखवायची त्यांची जुनी सवय. तीच त्यांनी इमारतीत आणली. तपासणीवाले साहेब लिफ्टने वर जायचे आणि मी जिन्याने. प्रत्येक मजल्यावर काका साहेबांना कुणाच्या तरी घरात नेऊन भिंतीची ओल दाखवत रेंगाळायचे. तेवढ्यात वॉचमन मला काखोटीला मारून वरच्या हुकाला अडकवायचा. सात मजले, सात अग्निशामक, कागदावर सगळं चोख. मला त्या दिवशी भारी राग यायचा, पण मला तोंड कुठलं?

चौथ्या मजल्यावर एक ताई राहते. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. घरात तिचे सासरे, वॉकर घेऊन चालणारे. तिच्या गृहकर्जाच्या व्याजातली सवलत संपत आली होती. पुढच्या महिन्यापासून हप्ता इतका वाढणार होता की घर विकायची पाळी आली असती. म्हणून तिला तेच घर दुसऱ्या बँकेकडे तारण ठेवून कर्ज तिकडे हलवायचं होतं. नवी बँक म्हणाली, आधी इमारत आगीपासून सुरक्षित आहे का ते आमचा माणूस बघेल.

बँकेचे साहेब आले आणि नेमकी त्याच दिवशी वॉचमनची कंबर धरली. काका ताईला म्हणाले, "तुझंच काम आहे, तूच उचल."

तिने उचललं. मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू? चौथ्या मजल्यावर ती धापा टाकत आली, तेव्हा सासरे दारात उभे होते.

"आलं का हे आपल्या मजल्यावर कायमचं?"

"नाही बाबा. साहेब चौथा बघून गेले की पाचव्यावर न्यायचंय."

"बरं. आग लागली तर तिलाही सांगतो, आधी पाचव्यावर जाऊन ये म्हणून."

आग लागली की लिफ्ट बंद करतात आणि बाबांना चार मजले उतरायला अर्धा तास लागतो, हे ताईला माहीत होतं. तिने मला हुकाला अडकवलं आणि माझ्या शेजारी पाठ टेकून उभी राहिली. साहेब आले, बघून गेले. ती हललीच नाही.

पाचव्यावर नुसता हुक बघून साहेब खाली परत आले. मागोमाग काका, घामाघूम.

"साहेब, सगळ्या इमारतीत हा एकच आहे," ताई म्हणाली. "आत्ता मीच खालून वाहून आणला."

"अगं, तुझंच कर्ज अडेल," काका पुटपुटले.

"अडू दे. घर वाचवायचं ते बाबांना त्यात जाळायला का?"

कर्ज अडलंच. वाढलेला हप्ता भरायला ताईने पहाटेची आणखी एक तुकडी शिकवायला घेतली. शेजारी तिच्यावर उखडले; म्हणे हिच्यामुळे आमच्या घरांची किंमत पडली. ती प्रत्येकाच्या दारात गेली आणि म्हणाली, "आज माझं अडलं, उद्या तुमचं अडेल. भांडायचं तर भांडा, पण वर्गणी काढा." तीन महिने लागले. शेवटी सहा नवे अग्निशामक आले, जिन्यात वाट अडवून ठेवलेली कपाटं हलली, धुराची घंटा बसली.

बँकेचे साहेब पुन्हा आले. काकांनी सवयीने लिफ्टचं बटण दाबलं. ताई आडवी उभी राहिली.

"लिफ्ट नको. साहेब सातही मजले चालतील आणि प्रत्येक काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. सही नंतर."

साहेब चालले. सातव्या मजल्यावर पायरीवर बसून, दम खात त्यांनी सही केली.

मित्रांनो, आज तुमच्याही जिन्यात जा आणि माझ्या भाईबंदांचा काटा बघा. तो लाल पट्ट्यावर असेल किंवा हुक रिकामा असेल, तर गप्प बसू नका. मोठी माणसं म्हणतील, "बघू." त्यांचा हात धरून जिन्यात आणा आणि म्हणा, आत्ता बघा.