गालातला हिरा

आमच्या हिने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. डोळे अधू व्हायच्या आत स्वतःसाठी एक हिरा घ्यायचा, एवढीच तिची हौस होती. पुन्हा दुसरा घेणं होणार नव्हतं, म्हणून या एका खरेदीत फसायचं नाही, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

"सुटाच घ्यायचा," ती म्हणाली. "कोंदणात बसवला की पोटाखाली काय दडलंय ते दिसत नाही. अंगठी काय, नंतर करू."

तिची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, बरोबर आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. सराफ त्यांच्या ओळखीचा होता आणि ओळखीच्या दुकानात कागदबिगद मागणं त्यांना कमीपणाचं वाटे.

सराफाने टेबलावरचा दिवा खाली ओढला, दोन पुड्या उलगडल्या आणि चिमट्याने दोन खडे काळ्या मखमलीवर ठेवले. मला दोन्ही सारखेच दिसले. मी तसं म्हणालोही.

"तुम्हाला दोन्ही सुनांचा स्वयंपाकही सारखाच लागतो," ही म्हणाली.

सराफ मात्र खूश झाला. "साहेब बरोबर बोलले, वहिनी. वजन तेच, रंग तोच, पैलू तेच. याला बाहेरच्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आहे म्हणून महाग. त्याला आमच्या दुकानाचं आहे म्हणून निम्म्यात. फरक फक्त कागदाचा."

"म्हणजे याला परीक्षकाने गुण दिलेत आणि त्याला त्याच्या आईने."

"अगं, काहीतरीच काय बोलतेस," ताई कुजबुजल्या. "मी इतकी वर्षं इथूनच घेते. कधी कागद वाचला नाही."

"ते दिसतंच आहे."

सराफ भिंग काढायला मागच्या कपाटाकडे वळला. हिने बोटाचं टोक ओलं केलं आणि मणी उचलतात तसा महागातला खडा उचलला. त्याचा कागद ताडून बघायचा होता, पण तो कागद तीन घड्यांचा आणि कोरा करकरीत. एका हाताने उघडेना. मग तिने जे केलं ते ठरवून केलं नव्हतं. शिवताना दोन्ही हात गुंतले की टाचणी ओठांत जाते, तसा खडा ओठांत गेला.

सराफ वळला. मखमलीवर एकच खडा. हिने दचकून तोंड मिटलं.

"गिळला हिने," ताई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

मी बायकोकडे पाहिलं. तोंडात टाचण्या धरून ती माझ्याशी भांडत आली आहे आणि त्यातली एकही आजवर पोटात गेलेली नाही. डाव्या गालाच्या आत जीभ फिरली, तेवढ्याने मला कळलं. खडा काढायला तिचा हात वर आलाही होता. पण सराफाचा उडालेला चेहरा बघून तो पुन्हा मांडीवर गेला. मग मीही गप्प बसलो.

कोणता खडा गेला हे सराफालाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येईना. राहिलेला खडा त्याने भिंगाखाली धरून कडेकडेने फिरवला.

"याच्या कडेवर नंबर नाही. प्रमाणपत्राच्या खड्यावर कागदावरचाच नंबर कोरलेला असतो. म्हणजे तोच गेला." तो माझ्याकडे वळला. "साहेब, आता तो तुम्हाला घ्यावाच लागेल. पूर्ण भावाने."

"का बरं?" ही म्हणाली. आवाज नेहमीसारखा स्वच्छ. "एक माझ्याकडे आला, एक तुमच्याकडे राहिला. दोन्ही सारखे. महागाचा कागद तुम्ही ठेवा, दुकानाचा मला द्या. निम्म्या भावात घेते."

"असं कसं, वहिनी?"

"राहिलेल्या खड्याबरोबर तो कागद देऊन टाका कुणालातरी."

"कागद त्याच खड्याचा असतो. नंबर जुळायला हवा."

"मग याला प्रयोगशाळेत पाठवा. खडा सारखा, तर कागदही सारखाच येईल."

सराफ उगाचच चिमटा पुसू लागला. "नाही येणार."

"का? वजन?"

"किंचित कमी आहे."

"रंग?"

"पिवळसर मारतो. पांढऱ्या कागदावर उलटा ठेवला की कळतं."

"पैलू तरी?"

"उथळ आहेत. वरून मोठा दिसतो, पण उजेड खालून निसटतो."

"आणि?"

सराफाने ताईंकडे बघायचं टाळलं. "आत एक तडा होता. तो भरून घेतलाय. सोनाराच्या आचेजवळ गेला तर भरलेलं टिकत नाही."

"हे तुमच्या कागदावर कुठे आहे?"

"जागा पुरली नाही."

ताई आता ताठ बसल्या होत्या. "पण तुमच्या कागदावर ठळक अक्षरांत 'उत्तम' लिहिलेलं असतं."

"ते नक्षीबरोबर छापूनच येतं, ताई. सगळ्या कागदांवर."

हिने रुमाल तोंडाशी नेला आणि खडा मखमलीवर ठेवला. सराफ त्याच्यावर वाकला.

"पोटात होता ना?"

"ताई म्हणाली तसं. मी कुठे म्हणाले?"

त्याने खडा दोनदा धुतला, भिंगाखाली धरला आणि नंबर वाचू लागला. ही कागदावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवत होती. मध्येच तो अडला. हिचं बोट थबकलं, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला.

"ओल राहिलीय," सराफ म्हणाला आणि खडा पुन्हा पुसला.

शेवटपर्यंत जुळलं. मग हिने खालचंही वाचलं: खडा नैसर्गिक, कसलीही प्रक्रिया नाही. पूर्ण भाव द्यायला ती तयार झाली, पण बिलावर प्रमाणपत्राचा नंबर घालून घेतला आणि दुसऱ्या जाणकाराने नाही म्हटलं तर माल परत, असंही लिहून घेतलं. पुढे त्या जाणकारानेही तोच नंबर वाचला. त्या दिवशी बिलावर सराफानेही आपल्या बाजूने एक ओळ वाढवली: 'परत आणताना खडा कोरडा असावा.' हिने तीही वाचली आणि सही केली.

आम्ही उठलो. ताई उठल्या नाहीत.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या आणि बोटातली घट्ट झालेली अंगठी ओढू लागल्या.

सराफाने दिवा मालवला. ताईंनी तो पुन्हा लावला.