कुणाचं कुणाला लागलं

माझ्या दोन्ही भावांची घरं एकाच मजल्यावर, दारासमोर दार. धाकट्या भावाचा मुलगा, आमचा बोका, दूध आपल्या घरी प्यायचा आणि तोंड काकूच्या टॉवेलला पुसायचा, इतकी ती दारं सताड उघडी.

मग थोरल्या वहिनीच्या मुलीला, ठकीला, डेंगी झाला. ती लवकरच उठून बसली. पाठोपाठ बोका आजारी पडला. त्याच्या प्लेटलेट्स घसरल्या, पोटात पाणी झालं, आणि धाकटी वहिनी अतिदक्षता विभागाच्या दारात पुतळ्यासारखी बसून राहिली. पोरगं वाचलं, पण घरी आलं ते नुसता हाडांचा सापळा होऊन. त्याच दिवशी धाकटीने जिन्यातच जावेला सुनावलं, "वहिनी, तुमच्या घरातून आलं हे. त्या बाल्कनीतल्या कुंड्या, खालच्या ताटल्यांतलं पाणी, त्यातले डास. हजारदा सांगितलं होतं!"

थोरली एरवी एकाला दोन ऐकवणारी. त्या दिवशी चकार शब्द बोलली नाही. तेव्हापासून दोन्ही दारं बंद.

मी पडले नणंद, त्यातून विषाणूंच्या प्रयोगशाळेत नोकरीला. धाकटीने एकदा मला धरलंच. "ताई, तुमच्या तिथे कळत नाही का, कुणाचं कुणाला लागलं ते?"

"दवाखान्यातल्या तपासणीत डेंगी झाला एवढंच कळतं," मी म्हटलं. "पण डेंगीचे प्रकार चार. कुठला होऊन गेला ते रक्तातल्या, विषाणूशी लढणाऱ्या प्रतिपिंडांवरून ओळखता येतं. फक्त ताप उतरल्या उतरल्या नाही. तेव्हा ती चौघांवरही धावून जातात. काही महिने गेले की आपला खरा वैरी कोण ते नीट ओळखतात."

"मग करा तपासणी. ठकीचाच निघेल."

"एकच निघाला तरी तिच्याकडूनच आला असं ठरत नाही हं. वेगळे निघाले, तर मात्र तिच्याकडून नाही, हे नक्की."

थोरली लगेच तयार झाली. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, शिक्षा ऐकायलाच निघालीय.

आमच्याकडे अशा तपासण्यांचं काम चालूच होतं, त्यात साहेबांनी या दोघांना घेतलं. काही महिने उलटल्यावर मुलांचं रक्त काढलं. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे, आणि तपासणी माझ्या मैत्रिणीने केली, म्हणजे माझ्या मनाचे खेळ नकोत. प्रत्येक रक्तातलं पाणी चारही विषाणूंत वेगवेगळं मिसळायचं आणि जिवंत पेशींच्या थरावर सोडायचं. विषाणू जिंकला तर थराला भोकं पडतात. प्रतिपिंडं जिंकली तर थर शाबूत राहतो.

ठकीच्या रक्ताने दुसरा प्रकार अडवला होता. बोक्याच्या रक्ताने तिसरा.

दोघींना मी माझ्या घरी बोलावून सांगितलं. धाकटी जमिनीकडे बघत राहिली. थोरलीला मात्र रडूच फुटलं. "मी सगळ्या कुंड्या फेकून दिल्या गं. रोज वाटायचं, आपल्याच हाताने पोराला..."

"मला वाटलं, तुम्हाला गुर्मी आहे," धाकटी पुटपुटली. "म्हणून बोलत नाही."

"कुठल्या तोंडाने बोलणार होते?"

दोघींना जरा सावरू दिलं. पण पुढचं सांगणं भाग होतं. "ज्याला जो झाला, त्यापासूनच त्याला खरं संरक्षण आहे. पुढे वेगळ्या प्रकाराचा झाला, तर तो आधीच्यापेक्षा जड जाऊ शकतो."

धाकटीने चटकन वर पाहिलं. "म्हणजे बोक्याला ठकीवाला होऊ शकतो? आणि ठकीला बोक्यावाला?"

"हो. आणि उरलेले दोनही आहेतच."

धाकटी उठली, चपला पायात सरकवल्या. "वहिनी, आपल्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलंय. चला, आत्ताच बघू."

"मी नाही बाई वर चढणार. माझे गुडघे..."

"चढते मी. तुम्ही शिडी धरा."

तिचा आवाज अजून थोडा फणकाऱ्याचाच होता. पण शिडी धरायला मी तिथेच उभी असताना तिने थोरलीला बोलावलं होतं.