विहिरीतून दोनदा निघालेला पाना

तुमची बादली कधी विहिरीत पडली आहे का? नुसता दोर हातात राहतो, खालून डुबुक् असा आवाज येतो आणि घरात तर प्यायलाही पाणी नसतं. अशा वेळी माणूस ज्याला शोधत येतो, तो मी. मी गळ बोलतोय. एका कडीला जोडलेले लोखंडाचे पाच आकडे, एवढंच माझं अंग.

मला एका लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या झिजलेल्या लोखंडी धावेपासून घडवलं. पुढे तो वारला आणि मी त्याच्या बायकोच्या दारामागे खुंटीवर राहिलो. तिला सगळं गाव मावशी म्हणतं. गावात गळ मी एकटाच. त्यामुळे मावशीने एक नियम केला होता. गळ न्यायचा तर घरातली एक वस्तू ठेवून जायची. गळ परत आला की वस्तू परत.

“मावशी, माझ्यावर एवढाही विश्वास नाही का?” शेजारीण एकदा कुरकुरली.

“तुझ्यावर आहे गं, तुझ्या विसरभोळेपणावर नाही. तांब्या ठेव.”

कोण काय ठेवून जातं यावरून मला माणसं कळायची. नव्या सुना चांगलं भांडं ठेवायच्या, त्यांच्या सासवा पोचा आलेलं. पण नियम कोणी मोडला नाही. मीही पाण्यात जे हाताला लागलं ते वर आणलं. घागरी आणल्या, कळशा आणल्या, एकदा कोणाची तरी चप्पल आणली. वर आणलेलं परत खाली टाकायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मग गिरणीवाल्याचा खून झाला. सकाळी दळण घेऊन गेलेल्या बायकांना तो जात्याशेजारी पडलेला दिसला. डोकं फुटलं होतं आणि गिरणीचा मोठा पाना जागेवर नव्हता. आदल्याच आठवड्यात त्याने आपल्या कामगाराला चार लोकांसमोर शिव्या देऊन हाकलून दिलं होतं. त्या पोराच्या भुवयांवर कायम पीठ असायचं, म्हणून सगळे त्याला पिठ्या म्हणत. पोलिसांनी पिठ्याला उचललं. ठाण्यात त्याने खून कबूल केला. ठाण्यातून त्याला बाहेर आणलं तेव्हा त्याला जमिनीवर नीट पाऊल टेकवता येत नव्हतं.

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे मला पुढे वकिलाच्या तोंडून कळलं. पण आरोपीने सांगितलं म्हणून लपवलेली वस्तू सापडली, तर तेवढं मात्र चालतं. म्हणजे पाना सापडायला हवा होता, आणि तो पिठ्याने दाखवायला हवा होता.

इकडे गिरणीमागच्या विहिरीत कोणाच्या तरी बादलीला तळाशी लोखंड वाजलं. ही गोष्ट ठाण्यात पोचली. भर दुपारी हवालदार एकटाच मावशीकडे आला.

“मावशी, गळ द्या. ठाण्याची बादली पडलीय.”

“काय ठेवताय?”

“अहो, वर्दीतला माणूस आहे मी.”

“मग वर्दी काढून ठेवता?”

तो हसला. खांद्याच्या दोरीची शिट्टी सोडून त्याने तिच्या हातावर ठेवली. त्या शिट्टीवर त्याचा नंबर कोरलेला होता. मावशीने ती कोनाड्यात ठेवली.

त्याने मला ठाण्याकडे नेलंच नाही. गिरणीमागच्या विहिरीत सोडलं. थोड्या वेळाने माझ्या आकड्यात जड काहीतरी अडकलं आणि वर आलं, तो पाना होता. फौजदार तिथेच सावलीत उभा होता. त्याने पाना नीट पाहिला.

“टाक परत. उद्या त्याला घेऊन येऊ,” तो म्हणाला.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं तुम्ही म्हणता ना? या लोकांनी पोहऱ्यातलं पुन्हा आडात टाकलं.

हवालदार मला परत द्यायला आला तेव्हा मावशीच्या दाराला कुलूप होतं. मला कुंपणाला अडकवून तो निघून गेला. मावशीने आल्यावर मला खुंटीवर टांगलं, पण शिट्टी कोनाड्यातच राहिली.

दुसऱ्या दिवशी जीप आली, मागोमाग गाव आलं. “गावात गळ कोणाकडे असतो?” फौजदाराने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. हवालदार आपल्या बुटांकडे बघत राहिला. मावशीचा मुलगा गावात शिंपीकाम करतो. त्याला पंच म्हणून, म्हणजे साक्षीला, उभं केलं होतं. त्यानेच मला खुंटीवरून काढलं. घरच्या माणसाने काय ठेवायचं?

पिठ्या जीपमध्ये बसून होता. हात बांधलेले, मान खाली. हवालदाराने त्याचा दंड धरून त्याला विहिरीकडे वळवलं. ‘आरोपीने जागा दाखवली’ असं कागदावर आधीच लिहिलेलं होतं. पाना निघाला आणि मुलाने सही केली.

खून कोणी केला, मला ठाऊक नाही. मी विहिरीतलं जाणतो, माणसांच्या मनातलं नाही. पण तो पाना पिठ्याने सांगण्याआधीच वर येऊन गेला होता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

मावशीलाही ते कळायला वेळ लागला नाही. ठाण्याला विहीरच नाही, नळ आहे. तारखा पडत गेल्या, पण हवालदार काही शिट्टी न्यायला आला नाही. येणार कसा? शिट्टी मागायची, तर आदल्या दिवशी गळ नेला होता हे कबूल करावं लागलं असतं.

एक दिवस पिठ्याची आई आली. मावशीने तिला शिट्टी दाखवली.

“खोटं काही सांगू नकोस, मावशी,” ती म्हणाली. “जे झालं तेवढंच सांग.”

“सांगते. तू रडू नकोस.”

रात्री जेवताना मुलाचा घास हातातच राहिला. “आई, त्या कागदावर माझी सही आहे. तू बोललीस की पिठ्या बाहेर आणि मी आत.”

“मग सही केलीसच का?”

“फौजदाराला नाही म्हणणारा माणूस तू आपल्या गावात पाहिलायस?”

मावशीने त्याच्या ताटात आमटी वाढली.

पिठ्याच्या वकिलाने मलाही कोर्टात आणायला सांगितलं होतं. पोत्यात गुंडाळून मावशीने मला नेलं. शिट्टी तिच्या मुठीत होती.

“पाना सापडला त्याच्या आदल्या दिवशी हा गळ कोणी नेला होता?” वकिलाने विचारलं.

मावशीने बाकावर बसलेल्या मुलाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

“आठवत नाही, साहेब. रोज कोणी ना कोणी नेतंच.”

“नेणाऱ्याने काय ठेवलं होतं?”

“तेही आठवत नाही.”

पिठ्याची आई मागे उभी होती. ती मावशीच्या मुठीकडे बघत राहिली.

पिठ्याला जन्मठेप झाली. निकाल ऐकून मावशी घरी आली आणि तिने शिट्टी पुन्हा कोनाड्यात ठेवली. मी आता त्याच खुंटीवर आहे. एक आकडा गंजलाय, पण बादल्या अजून काढतो. तुम्हाला एकच विनवणी आहे. मला न्यायला याल तेव्हा आपली वस्तू ठेवून जा आणि ती ठेवल्याचं विसरू नका. मला बोलता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना घरदार असतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार साध्या कपड्यांत दारात आला. “मावशी, माझी एक वस्तू राहिली होती,” तो म्हणाला. मावशीने कोनाड्यातली शिट्टी काढली, पदराने पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली.